डिजिटल उपकरणाच्या आकड्यावर किती विसंबायचं? आरोग्यसेवेतलं मोजमाप तपासणारा अभ्यास कसा आखावा

२०१७ साली मनगटावर बांधायच्या सात उपकरणांची ६० स्वयंसेवकांवर तपासणी झाली. सायकल चालवताना सातपैकी सहा उपकरणांची हृदयगतीतली चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. तीच उपकरणं, तीच मनगटं, पण कॅलरींचा हिशेब आला तेव्हा सगळ्यांत बरं उपकरण २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. म्हणजे ‘हे घड्याळ अचूक आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. काय मोजताना, कोणाच्या अंगावर, कुठल्या कामासाठी, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांना उत्तर स्वतः शोधायचं आहे: प्रबंधासाठी विषय घेतलेले डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, किंवा सेन्सर बनवून झाल्यावर ‘आता पुढे काय?’ असा प्रश्न पडलेले अभियंते. ॲप किंवा उपकरण वापरून रुग्ण बरे होतात का, याकडे बहुतेकांची पहिली उडी असते. माझं मत असं की त्याआधी आकड्याचीच झडती घ्यावी. ती टाळली तर पुढचा सगळा अभ्यास कशावर उभा आहे हेच कळत नाही.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्यात निर्णय आणा

कागदावर हे वाक्य पुरं करा: ‘अमुक गोष्ट, तमुक लोकांत, अशा परिस्थितीत, या उपकरणाने मोजली, तर आलेल्या आकड्यावरून कोण काय ठरवणार?’ शेवटचा भाग लोक हमखास गाळतात, आणि नेमका तोच सगळ्यांत उपयोगाचा असतो. रक्तदाबाच्या गोळीचा डोस बदलायचा असेल तर १० मिलिमीटरची (पाऱ्याच्या, रक्तदाबाच्या एककातली) चूक महाग पडते. हजारो लोकांच्या सरासरी हालचालीचा अंदाज घ्यायचा असेल तर पावलांमधली १० टक्के चूक चालून जाईल. किती चूक सोसायची हे उपकरण सांगत नाही, निर्णय सांगतो. म्हणून स्वीकारार्ह चुकीची मर्यादा डेटा हाती येण्यापूर्वी लिहून, तारीख घालून ठेवा. नंतर ठरवलेली मर्यादा नेहमी निकालाच्या सोयीची निघते.

याच वाक्यात दुसरा सापळा लपलेला असतो. हवं ते मोजता येत नाही, म्हणून जवळचं काहीतरी मोजलं जातं. आजारपणाची तीव्रता ओळखण्यासाठी एका अल्गोरिदमने ‘उपचारांवर झालेला खर्च’ हा आकडा वापरला. अमेरिकेतल्या त्या अल्गोरिदमची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत होता, म्हणून अल्गोरिदम त्यांना कमी आजारी समजत होता. हा दोष दूर केला असता तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. गणितात काही चूक नव्हती. खर्चाचा अंदाज तो बरोबर बांधत होता. चुकीची होती ती मोजायला घेतलेली गोष्ट.

दुसरी पायरी: तुम्ही तीनपैकी कुठला थर तपासताय?

डिजिटल मोजमापाची तपासणी तीन थरांत होते. पहिला थर सेन्सरचा: त्वरणमापक (हालचाल टिपणारा सेन्सर) टेबलावर ठेवून ठरावीक वेगाने हलवला तर तो तेवढंच त्वरण दाखवतो का? हे काम प्रयोगशाळेतलं, माणसाशिवाय होणारं. दुसरा थर अल्गोरिदमचा: सेन्सरकडून आलेल्या कच्च्या लहरींमधून काढलेली ‘पावलं’, ‘झोप’ किंवा ‘श्वसनगती’ माणसात खरी उतरते का? तिसरा थर वैद्यकीय अर्थाचा: हा आकडा त्या आजाराबद्दल, त्या रुग्णगटात, काही उपयोगाचं सांगतो का?

एका अभ्यासात तिन्ही करायला जाऊ नका. पण खालच्या थराचा पुरावा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय वरचा थर हाती घेऊ नका.

तिसऱ्या थरापर्यंत नीट पोचलेलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. ड्युशेन स्नायुक्षय असलेल्या मुलांची प्रगती पूर्वी दवाखान्यात सहा मिनिटं चालवून पाहत. त्या दिवशी मूल थकलेलं असेल, रुसलेलं असेल तर आकडा बिघडे. त्याऐवजी घोट्यावर सेन्सर बांधून रोजच्या जगण्यातला चालण्याचा वेग मोजायचा आणि त्यातली वेगवान पावलं, म्हणजे ९५व्या शतमकाचा वेग (ज्याच्याखाली ९५ टक्के पावलं येतात तो), निकष म्हणून घ्यायचा अशी पद्धत निघाली. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये ती औषधचाचण्यांसाठी दुय्यम निकष म्हणून मान्य केली आणि २०२३ मध्ये मुख्य निकष म्हणून. मधल्या काळात जमवलेला पुरावा हीच त्यातली खरी मेहनत.

तिसरी पायरी: तुलना कशाशी?

नवं उपकरण दुसऱ्या बाजारू उपकरणाशी ताडून पाहणं हा सोपा आणि बहुधा निरुपयोगी मार्ग आहे. दोघं एकाच दिशेने चुकत असतील तर जमतं छान, कळत काही नाही. आपल्या मोजमापाची आजवरची सर्वांत भक्कम पद्धत शोधा. पल्स ऑक्सिमीटरसाठी ती धमनीतल्या रक्ताची तपासणी. हृदयाच्या लयीसाठी ईसीजी. पावलांसाठी चित्रफीत पाहून माणसाने केलेली मोजणी.

रक्तदाबाच्या बाबतीत नियम तयार आहेत. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) ८१०६०-२ या मानकाच्या २०१८च्या आवृत्तीनुसार सर्वसाधारण अभ्यासात किमान ८५ जण लागतात आणि प्रत्येकाच्या तीन जोड्या, म्हणजे २५५ तुलना. दोन निरीक्षक एकाच वेळी स्टेथोस्कोपने ऐकतात आणि एकमेकांचे आकडे पाहत नाहीत. सरासरी चूक ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चुकांचं प्रमाण विचलन (चुका सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचं माप) ८ पेक्षा जास्त नको. याशिवाय माणसागणिक लावायचा दुसरा निकषही त्यात आहे. तुमच्या मोजमापासाठी असं मानक असेल तर स्वतःची पद्धत शोधत बसू नका. मानक पाळा, आणि जिथे पाळता आलं नाही तिथे तसं लिहा.

माणसाने घेतलेली तुलनाही निर्दोष नसते. रक्तदाब ऐकणारे आकडे शून्यावर आणि पाचावर आणून ठेवतात, त्यामुळे निरीक्षकांच्या नोंदींमध्ये शेवटचा अंक कितीदा शून्य आला हे मोजून पाहणं ही पाच मिनिटांची, फार बोलकी तपासणी आहे. झोपेच्या बाबतीत तर प्रयोगशाळेतल्या रात्रभरच्या नोंदीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाचा टप्पा तज्ज्ञ ठरवतात, आणि दोन अनुभवी तज्ज्ञांचंही सगळ्या तुकड्यांवर एकमत होत नाही. अशा ठिकाणी दोन तज्ज्ञ नेमा, त्यांच्यातलं एकमत आधी मोजा आणि उपकरणाचा निकाल त्याशेजारी ठेवा. तज्ज्ञांतच जेवढं मतभेदाचं प्रमाण असेल त्यापेक्षा कमी चूक उपकरणाकडून मागण्यात अर्थ नाही.

मोजण्याची परिस्थितीही पक्की करा. रक्तदाबात कफ दंडाच्या मापाचा हवा, पाच मिनिटं शांत बसणं हवं, हाताला हृदयाच्या पातळीवर आधार हवा, बोलणं बंद हवं. यातलं एक सुटलं तरी आकडा हलतो आणि दोष उपकरणाच्या माथी येतो.

चौथी पायरी: सहभागी कोण आणि किती

तरुण, निरोगी, हाताशी असलेले विद्यार्थी घेऊन केलेल्या अभ्यासांनी हे क्षेत्र भरलेलं आहे. ज्याच्या चालण्यात लंगड आहे, ज्याचे हात थंड पडतात, ज्याची लय अनियमित आहे, त्याच्यावर उपकरण चालतं का हे अशा अभ्यासातून कळत नाही, आणि उपकरण वापरणार तोच असतो.

पल्स ऑक्सिमीटरची गोष्ट इथे टाळता येत नाही. बोटातून जाणाऱ्या प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन मोजायची ही पद्धत ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७०च्या दशकात शोधली. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, त्यामुळे गडद त्वचेवर रीडिंग चुकू शकतं हे पुढे लक्षात आलं होतं. तरी अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या) २०१३च्या मार्गदर्शनात किमान दहा निरोगी स्वयंसेवक आणि त्यात गडद त्वचेचे दोघं, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, एवढीच अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतलं प्रमाण प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघालं, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. कोविडच्या त्या दिवसांत कोणाला ऑक्सिजन द्यायचा हे याच आकड्यावर ठरत होतं.

तेव्हा उपकरण ज्या कारणाने चुकू शकेल ते आधी शोधा आणि त्या कारणाचे लोक मुद्दाम, पुरेशा संख्येने घ्या. प्रकाशाचा सेन्सर असेल तर त्वचेचा रंग, गोंदण, थंड हात, हालचाल. आवाजाचा असेल तर गोंगाट. कॅमेऱ्याचा असेल तर खोलीतला उजेड. त्वचेचा रंग वंशावरून गृहीत धरू नका. रंगपट्टीने किंवा यंत्राने मोजून नोंदवा.

मोजमापाचा पल्लाही पुरा हवा. सगळ्यांचा रक्तदाब १२०च्या आसपास असेल तर १७०ला उपकरण काय करतं हे कोण सांगणार? आयएसओच्या त्या मानकात सिस्टोलिक (वरच्या) रक्तदाबाची किमान ५ टक्के रीडिंग १०० किंवा कमी, ५ टक्के १६० किंवा जास्त आणि २० टक्के १४० किंवा जास्त असावीत असं म्हटलंय ते यासाठीच.

संख्येचा ढोबळ हिशेब असा. दोन पद्धतींमधल्या फरकाचं प्रमाण विचलन ६ मिलिमीटर येईल असा अंदाज आहे. ३० जण घेतले तर सहमतीच्या मर्यादा (त्या पुढे समजावल्या आहेत) जवळपास ३.७ मिलिमीटर इकडेतिकडे असू शकतात. १०० घेतले तर हीच अनिश्चितता २ मिलिमीटरवर येते. तीस जणांचा अभ्यास करू नये असं नाही, पण त्यातून ‘उपकरण उत्तम’ असं छातीठोक सांगता येणार नाही.

पाचवी पायरी: डेटा येण्याआधीची कंटाळवाणी कामं

दोन उपकरणांची घड्याळं जुळवा. नुसतं सुरुवातीला नव्हे. दिवसभरात ती सरकतात, म्हणून शेवटीही तपासा. सोपी युक्ती म्हणजे दोन्ही सेन्सर एकत्र धरून तीनदा जोरात हलवायचे, लहरींमध्ये ती खूण स्पष्ट दिसते.

उपकरणाचं मॉडेल, फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि ॲपची आवृत्ती प्रत्येक सहभागीसमोर नोंदवा. कंपनी मध्येच अपडेट पाठवते आणि अल्गोरिदम बदलतो. तुम्हाला पत्ताही नसतो. जमलं तर अभ्यासापुरतं आपोआप अपडेट होणं बंद ठेवा. कच्चा डेटा मिळतो का, की फक्त मिनिटाची तयार सरासरी, हे उपकरण विकत घेण्यापूर्वी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

नैतिकता समितीपुढे जाताना एका प्रश्नाचं उत्तर तयार हवं: रात्री दोन वाजता एखाद्या सहभागीचं रीडिंग धोकादायक आलं तर कोण पाहणार? ‘आम्ही रोज पाहू’ असं लिहिलं तर खरंच रोज पाहावं लागतं. कोणी पाहणार नसेल तर तेही संमतिपत्रात ठळक लिहा, कारण मनगटावर यंत्र बांधलं की माणसाला आपल्यावर कोणाची तरी नजर आहे असं वाटतं. डेटा कुठल्या सर्व्हरवर जातो आणि कंपनी तो आणखी कशाला वापरते, हेही सहभागीला कळायला हवं.

आणि पाचसहा जणांवर पूर्वचाचणी करा. चार्जिंग, ब्लूटूथ, पट्ट्याने उठणारी पुरळ, हे सगळं तिथेच समजतं.

सहावी पायरी: लोक सोडून जाणार हे धरून चला

ॲपवरून केलेल्या आठ अभ्यासांमधल्या एक लाखाहून जास्त सहभागींचा डेटा २०२०च्या एका लेखात एकत्र तपासला होता. टिकून राहण्याचा मध्यक निघाला साडेपाच दिवस, म्हणजे निम्मे लोक त्याआधीच गळले. महिनाभराचा अभ्यास आखताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवा.

गेलेले लोक आणि राहिलेले लोक सारखे नसतात, आणि गायब झालेली मिनिटंही सारखी नसतात. बरं वाटत नाही तेव्हा माणूस घड्याळ काढून ठेवतो, म्हणजे आजारपणाचे तासच नोंदीतून निसटतात. त्यामुळे ‘वैध दिवस’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवा. हालचालीच्या अभ्यासांत जागेपणी किमान दहा तास उपकरण अंगावर, असा नियम बरेच जण लावतात. तुम्ही वेगळा लावलात तरी चालेल, पण आधी लावा. शून्य पावलं म्हणजे बसलेला माणूस की टेबलावर ठेवलेलं घड्याळ, हे ओळखण्याची सोयही हवी. तापमानाचा किंवा नाडीचा सेन्सर असेल तर त्यावरून कळतं.

सातवी पायरी: विश्लेषण

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू.

सहसंबंध गुणांक (दोन आकडे किती जोडीने वरखाली होतात याचं माप, कमाल १) ०.९५ आला म्हणून दोन पद्धती सारख्या ठरत नाहीत. उपकरण दर वेळी २० मिलिमीटर जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध पूर्ण १ येऊ शकतो. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलेली पद्धत वापरा. प्रत्येक जोडीसाठी फरक काढा: उपकरण वजा संदर्भ. आडव्या अक्षावर दोघांची सरासरी, उभ्यावर फरक. मग फरकांची सरासरी काढा, ही झाली पद्धतशीर चूक. तिच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या १.९६ पट अंतरावर रेषा मारा, या सहमतीच्या मर्यादा. समजा सरासरी फरक उणे २ आणि प्रमाण विचलन ६ आहे. मर्यादा येतात उणे १३.८ ते अधिक ९.८. म्हणजे एखाद्या रुग्णाचा खरा आकडा १४० असताना उपकरण साधारण १२६ ते १५० मध्ये काहीही दाखवू शकतं. आता पहिल्या पायरीवर लिहिलेला निर्णय काढा आणि विचारा: एवढ्या पट्ट्यात गोळीचा डोस ठरवता येईल का?

आकृती नुसती छापू नका, पाहा. ठिपके उजवीकडे पसरत गेले तर मोठ्या आकड्यांना चूक वाढतेय. तेव्हा एकच मर्यादा सगळीकडे लावणं फसवं. एकाच माणसाची अनेक रीडिंग असतील तर ती स्वतंत्र माणसांची समजून गणित करू नका, मर्यादा खोट्या येतात. त्यासाठी वेगळी सूत्रं आहेत. इथे संख्याशास्त्रज्ञाला बोलवा, आणि अभ्यास आखतानाच बोलवा.

उपकरण आकडा न देता ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगत असेल तर गणित बदलतं. संवेदनशीलता (आजाऱ्यांपैकी किती पकडले) ९० टक्के आणि विशिष्टता (निरोग्यांपैकी किती बरोबर सोडले) ९५ टक्के ऐकायला छान वाटतात. आजार १ टक्का लोकांत असेल तर १०,००० पैकी १०० आजारी, त्यातले ९० सापडतात. उरलेल्या ९,९०० निरोग्यांतल्या ४९५ जणांनाही इशारा जातो. इशारा मिळालेल्या ५८५ पैकी खरे आजारी जेमतेम १५ टक्के. तेच उपकरण हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात वापरलं, जिथे समजा २० टक्क्यांना तो आजार आहे, तर हेच प्रमाण ८२ टक्क्यांवर जातं. म्हणून तुमचा निकाल कुठल्या लोकांतला आहे हे शीर्षकातच यावं.

ॲपल वॉचवरचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४,१९,२९७ सहभागींपैकी ०.५२ टक्क्यांना अनियमित नाडीचा इशारा गेला. इशाऱ्यानंतर ज्यांनी ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला आणि ज्यांची नोंद वाचता आली अशा ४५० जणांत ३४ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय) आढळलं. मग ६६ टक्के इशारे खोटे का? तसं म्हणता येत नाही. पॅच काही दिवसांनी लागला आणि हा आजार येतो-जातो. पॅच अंगावर असताना आलेल्या इशाऱ्यांच्या वेळी ८४ टक्के वेळा ईसीजीत तीच लय होती. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न दोन आहेत. बातम्यांत मात्र ज्याला जो सोयीचा तो येतो.

रुग्णात काळानुसार होणारा बदल मोजायचा असेल तर आणखी एक हिशेब हवा. स्थिर प्रकृतीच्या लोकांचं थोड्या अंतराने दोनदा मोजमाप करा आणि मोजमापाची प्रमाण चूक (काहीही बदललं नसताना एकाच माणसाचा आकडा सहज किती हलतो) काढा. ती ३ एकक आली तर एका माणसात ३ गुणिले १.९६ गुणिले २चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ८.३ एककांपेक्षा लहान बदल गोंगाटातून वेगळा काढता येत नाही. रुग्णाला जाणवणारा सर्वांत लहान बदल ५ एककांचा असेल, तर एकेका रुग्णावर लक्ष ठेवायला हे उपकरण पुरं पडणार नाही. गटांची सरासरी तुलना करायला कदाचित पडेल.

आठवी पायरी: अचूक आकड्याने काही बदलतं का?

हा स्वतंत्र अभ्यास आहे आणि त्यासाठी शक्यतो यादृच्छिक चाचणीच (लोकांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटून केलेली) लागते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४७१ तरुण प्रौढांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात भाग घेतला. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना अंगावर घालायचं उपकरण दिलं, बाकीचे स्वतः नोंदी करत राहिले. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने कमी झालं होतं, बाकीच्यांचं ५.९ किलोने. आकडा दिसला म्हणजे वागणं सुधारतं हे गृहीत धरणाऱ्यांनी हा निकाल जपून ठेवावा.

रुग्णालयात आधीच बसवलेल्या प्रणालीही तपासायला हव्यात. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरात असलेल्या सेप्सिसच्या (संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिक्रियेच्या) एका इशारा-प्रणालीची स्वतंत्र तपासणी २०२१ मध्ये आली: तिने सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण हुकवले आणि तरी दाखल झालेल्या १८ टक्के रुग्णांवर इशारे दिले. खोट्या इशाऱ्यांनी थकलेला कर्मचारी खरा इशाराही बंद करून टाकतो, म्हणून इशाऱ्यानंतर कोणी काय केलं हेही मोजा.

अहवाल

निदान-अचूकतेच्या अभ्यासासाठी स्टार्ड २०१५, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यादृच्छिक चाचणीसाठी कॉन्सॉर्ट-एआय, अशा तपासणी-याद्या मोफत मिळतात. लिहायला बसल्यावर नव्हे, प्रोटोकॉल लिहितानाच त्या समोर ठेवा. अर्ध्या रकान्यांची माहिती नंतर मिळतच नाही. चाचणी असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी नोंदणी करा. उपकरण कंपनीने फुकट दिलं असेल तर तसं लिहा, आणि निकाल छापण्याआधी कंपनीची परवानगी लागेल असं कलम करारात असेल तर सही करू नका.

किती जणांवर उपकरण चाललंच नाही, किती रीडिंग आली नाहीत आणि का, हा तक्ता मुख्य लेखातच द्या. पुरवणीत ढकलू नका. कच्चा डेटा ओळख पुसून, विश्लेषणाच्या कोडसह आणि फर्मवेअरच्या आवृत्तीसह जपून ठेवा. वर्षभरात नवी आवृत्ती येईल. तेव्हा कच्च्या लहरी हाती असतील आणि कंपनीने नवा अल्गोरिदम उपलब्ध करून दिला, तर तो त्याच लहरींवर चालवून पाहता येईल, आणि सगळ्या सहभागींना पुन्हा बोलावण्याची गरज पडणार नाही.